चौथ्या हौदाचं पाणी

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी मी काय काय केलं ते आठवून ओळीनं लिहून ठेवतो. उद्या कुणी विचारलं तर माझ्याच तोंडून दोन वेगळ्या गोष्टी निघायला नकोत.

साडेपाचला मत्स्यबीज केंद्रावर पोचलो. फाटकाचं कुलूप काढलं, हात जोडले, देवाचं नाव घेतलं. मग चारही हौदांत सामूची पट्टी बुडवून पाहिली. पहिल्या तिन्हींत बोटुकली आहेत, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. तिथं सामू सात, सव्वासात, ठीक. चौथ्या हौदात पट्टी पिवळट झाली, साडेसहा. सातच्या खाली म्हणजे पाणी आंबट. चौथ्यात बियाण्याच्या बासष्ट माद्या आहेत. त्यांच्या अंड्यांवर हे केंद्र उभं आहे.

पाणी आंबट झालं की चुना द्यायचा, हे मला उस्तादानं वीस वर्षांपूर्वी शिकवलं. विरवलेला चुना अर्धं पोतं घेतला, बादल्यांत कालवला आणि चारी बाजूंनी सारखा ओतला. गेल्या महिन्यात पाव पोतं पुरायचं. माद्यांना नवं खाद्य सुरू झाल्यापासून तिथलं पाणी रोजच आंबट निघतं, कळत नाही का.

आठला शिट्टी आला. खाद्य टाकायचं काम त्याचं. काठावर उभा राहून तो शिट्टी घालतो आणि मासे गोळा होतात, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. बारापर्यंत सगळं ठीक होतं. ऊन कडक, पाणी हिरवंगार. तीन वाजता चौकीदार पळत आला. माद्या पाण्यावर येऊन तोंडं उघडत होत्या, मधूनच वेड्यासारख्या उसळत होत्या. हवेचा पंप चालूच होता, मी दुसराही लावला. संध्याकाळपर्यंत नऊ मेल्या.

साहेबांनी विचारलं, "पाण्यात काय घातलंत?"

"नेहमीचंच, साहेब."

"खाद्य कोण टाकतं?"

"शिट्टी."

"जास्त टाकतो का?"

मी म्हणालो, "कधी कधी हात सैल सुटतो त्याचा."

हे खोटं नाही. तो टाकतो कधी कधी जास्त. पण मी ते ज्या घाईनं बोललो, ती घाई मला घरी येईपर्यंत टोचत होती.

बुधवार, ६ मार्च

काल आणि आज पहाटे सामू पुन्हा साडेसहा. दोन्ही दिवस अर्धं पोतं चुना. काल तीन माद्या मेल्या, आज दोन.

चुन्यानं हातांची सालं निघाली आहेत. ही तेल लावत म्हणाली, "लोकांना चुना लावणारे पुष्कळ पाहिलेत. पाण्याला लावणारे तुम्हीच एक." मला हसू आलं नाही तेव्हा तीच जरा घाबरली. कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप आहे का?" ताप तिलाच होता.

शुक्रवार, ८ मार्च

काल हिचा ताप चढला. सकाळी डॉक्टरांकडे नेलं, केंद्रावर जायला अकरा वाजले. पट्टी बघायची राहिली, चुनाही राहिला. दिवसभर धाकधूक होती, पण एकही मासा गेला नाही. देवाचीच दया.

आज मात्र पहाटे सामू सव्वासहा. एक दिवस दुर्लक्ष केलं तर पाणी इतकं घसरलं! म्हणून आज पाऊण पोतं दिलं. दुपारी चौदा मेल्या.

चौतीस उरल्या. मी हौदाच्या कट्ट्यावर बसलो होतो. मेलेल्या माद्या टोपलीत होत्या, त्यातल्या काहींच्या पोटात अंडी. या माद्यांना मी बोटाएवढ्या असल्यापासून ओळखतो. शिट्टी शेजारी येऊन बसला. म्हणाला, "दादा, पाण्यातच काहीतरी आहे. माझ्या खाद्यात असतं तर सकाळीच मेले असते ना? दुपारी का मरतात?"

मी म्हणालो, "तू आपलं खाद्य बघ. पाण्याचं मला कळतं."

शनिवार, ९ मार्च

शिट्टीला काढलं.

साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं होतं. गेल्या महिन्यात रजेवरून शिट्टी साहेबांना उलट बोलला होता, ते त्यांनी बाहेर काढलं. "रजा मिळाली नाही म्हणून सूड उगवलास," म्हणाले. "पाण्यात काय टाकलंस ते सांग."

शिट्टी म्हणाला, "साहेब, मी टाकलं ते खाद्य. पोत्यावर लिहिलंय काय आहे ते. मला वाचता येतं, तुम्हालाही येत असेल."

कुणीतरी हसलं आणि तिथंच त्याचं नशीब फिरलं. साहेब लालबुंद झाले. शिट्टीनं माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुम्ही सांगा ना. तुम्ही रोज असता."

मी म्हणालो, "मी काय सांगू? मी माझं काम करतो."

इतकंच बोललो. तो गेल्यावर त्याचा डबा मडक्याजवळ राहिलेला दिसला. चौकीदाराबरोबर पाठवून दिला. स्वतः न्यायचं धाडस झालं नाही.

बुधवार, १३ मार्च

चार दिवस आभाळ भरून आहे, पाऊस नाही, ऊनही नाही. चुना रोज देतो आहे आणि एकही मादी मेली नाही. खाद्य मीच टाकतो, मोजून. मासे माझ्याकडे येत नाहीत. मी मूठ टाकतो, ते तळाशीच राहतात. काल तोंडानं शिट्टी घालून पाहिली, नुसती हवाच निघाली. चौकीदार म्हणाला, "दादा, या वयात?"

शिट्टी गेला आणि मरण थांबलं. मग शिट्टीच होता का? मला असं वाटावंसं वाटतं, हे लिहितानाही मला कळतं आहे. तो नसेल तर कोण, हा पुढचा प्रश्न मला नको आहे.

आज प्रार्थनेला बसलो, पण मन लागलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

ऊन पडलं. पहाटे सामू सव्वासहा, पाऊण पोतं. दुपारी अकरा मेल्या. तेवीस उरल्या.

साहेब म्हणतात शिट्टीनं तळात काहीतरी पुरून ठेवलं असणार, ते हळूहळू विरघळतं आहे. ही गोष्ट आता तळीवाल्यांपर्यंत पोचली आहे. आमच्याकडून बोटुकली नेणारे दहा-बारा जण आहेत, त्यांच्यापैकी दोघांकडे शिट्टी काम मागायला गेला होता. दोघांनीही दारातून परत पाठवलं. विष घालणाऱ्याला तळ्यावर कोण ठेवणार?

मी हरलो आहे. उस्ताद म्हणायचा, "पाणी पहाटे खरं बोलतं, दिवस चढला की माणसासारखं तेही सोंग घेतं." मी वीस वर्षं पहाटेच ऐकत आलो. आता ते मला काय सांगतं आहे ते कळत नाही. रोज म्हणतो, देवा, दाखव. माझ्याकडून काय चुकतं आहे ते एकदा दाखव. उद्या एक पोतं द्यावं का?

रविवार, १७ मार्च

लेक आली आहे. आईच्या तापाचं कळलं म्हणून दोन दिवसांची सुटी काढून आली. ती दुसऱ्या गावी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. काल तिनं विचारलं तेव्हा मी हौदाचं सगळं सांगितलं. आज पहाटे मी एक पोतं देऊन आलो होतो. दुपारी ती म्हणाली, "चला, मला दाखवा."

तीन वाजता आम्ही चौथ्या हौदावर होतो. माद्या वर येऊन तोंडं उघडत होत्या. तिनं विचारलं, "पट्टी कुठंय?"

"पट्टी पहाटे बघतात."

"आत्ता का नाही?"

"आत्ता बघायची पद्धत नाही."

"बाबा, माझ्या वर्गातली पोरं तुमच्यापेक्षा बरी. निदान पट्टी तरी बुडवतात." तिनं बुडवली. पट्टी निळी झाली. निळीजांभळी. डब्यावरच्या रंगांशी लावून पाहिली. साडेनऊ.

मी म्हणालो, "पट्टी खराब आहे."

तिनं दुसरी काढली. तीही निळी. मग तिसरी मी स्वतः बुडवली.

आधी पाणी बदलायला लावलं तिनं. दोघांनी मिळून तळाची झडप उघडली आणि वरून विहिरीचं ताजं पाणी सोडलं. ते वाहत असताना ती कट्ट्यावर बसून सांगत होती आणि मी ऐकत होतो. जेवढं कळलं तेवढं लिहितो.

मासे जे खातात त्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. नवं खाद्य जास्त कसदार, म्हणून अमोनियाही जास्त. पण तो पाण्यात दोन रूपांत असतो. एक रूप माशाच्या कल्ल्यातून आत शिरत नाही, ते निरुपद्रवी. दुसरं शिरतं आणि मारतं. "समजा दोन खोल्या आहेत आणि मधलं दार उघडं," ती म्हणाली. "माणसं सारखी ये-जा करतात. जितकी इकडून तिकडे जातात तितकीच तिकडून इकडे येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं जागच्या जागी आहे. पाणी आंबट असलं की जवळजवळ सगळी पहिल्या खोलीत, जिथं त्यांचा त्रास नाही."

"मग मी चुना दिल्यावर?"

"तुम्ही पाण्यातला आंबटपणा काढून घेतलात. पाणी ती तूट भरायला बघतं. पहिल्या खोलीतला एकेक जण आपल्याजवळचा आंबटपणा सोडतो आणि तो सोडला की दुसऱ्या खोलीत जातो."

"म्हणजे पाणी माझ्या उलट काम करत होतं?"

"उलट नाही, बाबा. तुम्ही जो धक्का दिलात तो जरा कमी करायला बघत होतं. पूर्ण कमी करता येत नाही त्याला, थोडाच येतो. आणि त्या सावरण्यातच विष तयार होत होतं." मग वर बोट करून म्हणाली, "त्यात हे ऊन. हिरवं शेवाळ उन्हात पाण्यातला आंबट वायू खाऊन टाकतं. पाणी तापलं तरी त्याच बाजूला झुकतं. चुना, ऊन, उष्णता, तिघांनी मिळून एकाच बाजूला ढकललं. शेवाळ झोपलं की पहाटेपर्यंत पाणी पुन्हा आंबट. मग तुम्ही येता पट्टी घेऊन."

मला चार दिवसांचं आभाळ आठवलं. हिला ताप आला तो दिवस आठवला. मग गावची शाळा आठवली. मी सातवीत असताना गुरुजींनी नवसागर आणि चुना तळहातावर चोळून आम्हा पोरांच्या नाकाशी धरला होता. झोंबणारा वास आला, डोळ्यांतून पाणी आलं. कोरड्या खड्याला वास नव्हता, चुना लागल्यावर आला. तो वास अमोनियाचाच. हे मला बाराव्या वर्षापासून माहीत होतं.

काल आणि आज मिळून चार मेल्या. एकोणीस उरल्या. एकंदर त्रेचाळीस माद्या. त्यातली एकही शिट्टीनं मारलेली नाही.

सोमवार, १८ मार्च

लेक सकाळच्या गाडीनं गेली. जाताना सांगून गेली, चुना बंद, खाद्य निम्मं, रोज पाव हौद पाणी बदला, वर सावलीला कापड बांधा. आंबटपणा फारच वाढला तर चुनखडीची भुकटी टाका, ती पाण्याला हवी तेवढीच विरघळते आणि थांबते.

पायरीवर थांबून म्हणाली, "त्या शिट्टीकाकांना सांगितलंत का?"

"सांगेन."

"कधी?"

मी तिची पिशवी उचलली.

शुक्रवार, २२ मार्च

पाच दिवसांत एकही गेली नाही. माद्या खायला लागल्या आहेत.

आणि हेच माझ्या गळ्याशी आलं आहे. साहेबांनी आज सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघा," म्हणाले, "तो गेला, त्याचं विष उतरलं आणि मासे वाचले. याला म्हणतात अनुभवी माणूस." मासे जितके धडधाकट होतात, तितका शिट्टी गुन्हेगार ठरतो. मी त्यांना वाचवतो आहे आणि त्याच हातानं त्याला आणखी खोल गाडतो आहे.

संध्याकाळी धीर करून साहेबांच्या खोलीत गेलो. चुन्याचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मग उठून त्यांनी दार लावलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"माझ्या लेकीला."

"मग घरातच राहू द्या. तुम्ही काय मुद्दाम केलंत? आणि मी त्याला परत घेतलं तर लोक म्हणतील साहेबांना काही कळत नाही. तुम्हाला दोन वर्षांनी मुख्य करायचा माझा विचार आहे. डोकं शांत ठेवा."

मी 'बरं' म्हणालो. 'बरं' म्हणालो आणि बाहेर आलो.

मंगळवार, २६ मार्च

बाजाराच्या मागच्या गल्लीत शिट्टी दिसला. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या उतरवत होता. खांद्यावर गोणपाट, तरी सदरा भिजून पाठीला चिकटलेला. मी वळणार होतो, पण त्यानं पाहिलं.

"काय दादा, मासे काय म्हणतात?"

"बरे आहेत."

"चला, जगले म्हणायचे." त्यानं लादी खाली ठेवली. बोटं लाल झाली होती, ती काखेत दाबून धरली. "आई विचारते, तू नक्की काही टाकलं नव्हतंस ना? रोज विचारते. घरातलं माणूस विचारायला लागलं की दादा, आपल्यालाही वाटायला लागतं, टाकलं की काय चुकून."

माझे ओठ हलले. आतून कुणीतरी हाक मारली, "अय, गप्पा मारायला ठेवलाय का?" तो लादी उचलून गेला.

घरी येऊन जेवलो नाही. ही म्हणाली, "एकदा सांगून टाका आणि मोकळे व्हा. असं रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा बरं." मी तिच्यावर ओरडलो, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं ताट झाकून ठेवलं.

गुरुवार, २८ मार्च

दोन दिवस प्रार्थना केली नाही. कुठल्या तोंडानं करू? मी म्हणत होतो, देवा, दाखव. तो रोज दुपारी तीनला दाखवत होता. शिट्टीच्या तोंडूनही बोलला होता, दुपारी का मरतात म्हणून. मी त्याला आपलं खाद्य बघायला सांगितलं.

हिशोब असा मांडून पाहिला, की सांगितलं तर माझी नोकरी जाईल, वीस वर्षांचं नाव जाईल. न सांगितलं तर काहीच जाणार नाही, सगळं जागच्या जागी राहील. पण ते जागच्या जागी असणं कसं असतं ते मला लेकीनं समजावलं आहे. आत ये-जा चालूच आहे. मी जेवढा गप्प, तेवढा तो आईच्या नजरेतून उतरतो.

साहेबांना एकट्याला सांगून उपयोग नाही, ते पाहिलं. शिट्टीला एकट्याला सांगून त्याची आई मानेल, तळीवाले मानणार नाहीत. शनिवारी बोटुकली वाटप आहे. सगळे येतील.

शनिवार, ३० मार्च

सकाळपासून टेम्पो येत होते. अकरा तळीवाले जमले. बोटुकली पिशव्यांत भरून, हवा मारून, तोंडं बांधून झाली. साहेब खुर्चीवर उभे राहून त्यांना शिट्टीची गोष्ट सांगायला लागले, जागरूक राहा, माणसं पारखून ठेवा. लोक माना डोलवत होते.

मी पाण्याच्या पिंपाला धरून म्हणालो, "साहेब, थांबा. ते खरं नाही."

सगळे वळले. मी पाठ करून आलो होतो ते सगळं विसरलो. म्हणालो, "शिट्टीनं काही टाकलं नाही. मी टाकलं. चुना. रोज पहाटे, याच हातांनी. त्रेचाळीस माद्या मी मारल्या. मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक झाल्यालाही तेरा दिवस झाले आणि मी गप्प बसलो. ते अज्ञान नव्हतं."

मग एकानं विचारलं, "चुन्यानं कसे मरतील? आम्हीही देतो." मी त्यांना चौथ्या हौदावर नेलं. जवळची पट्टी काढली, बादलीभर पाणी घेतलं, चुन्याची चिमूट टाकली आणि पट्टी निळी झालेली दाखवली. लेकीनं समजावलेलं दोन खोल्यांचं सांगितलं, पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा बघा म्हटलं. दोघातिघांचे चेहरे पडले. त्यांच्याकडेही मासे मरत असणार.

साहेबांनी हात पुढं केला. मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातावर ठेवला.

फाटकापाशी एक म्हातारा तळीवाला माझ्यामागून आला. शिट्टीला दारातून परत पाठवणाऱ्या दोघांपैकी तोच. बराच वेळ चप्पल दगडावर घासत उभा राहिला. मग म्हणाला, "तो पोरगा आता असतो कुठं?"

मी पत्ता सांगितला. त्याच्याजवळ कागद नव्हता, म्हणून त्याच्या पावतीच्या मागं मीच लिहून दिला. गल्ली, घर, कितवा जिना. बर्फाचा कारखाना किती वाजता सुटतो तेही लिहिलं.